उष्टं कुणाचं, ताट कुणाचं

गेल्या एप्रिलात माझी भाची बारावीची परीक्षा आटोपून महिनाभर आमच्याकडे राहायला आली, गोव्यात फोंडा तालुक्यातल्या जुन्या घरी. दिवसभर हातात मोबाइल आणि दोन्ही अंगठे चालू. आम्हाला वाटलं, मैत्रिणींशी गप्पा चालल्या असतील. एका दुपारी हाताला तेल लावून आम्ही फणस सोलायला बसलो होतो, तेव्हा तिनं सहज सांगून टाकलं की ती एक कथा लिहिते आहे, तेवीस प्रकरणं झाली आहेत आणि ती संपायचं नाव घेत नाही. कथा इंग्रजीत. एका परदेशी कादंबरीमालेतली दोन दुय्यम पात्रं, मूळ पुस्तकांत जी एकमेकांशी धड चार वाक्यं बोलत नाहीत, ती तिच्या कथेत भर पावसात एका बंद पडलेल्या छापखान्यात अडकून पडली आहेत.

बहिणीचा हात थांबला. "म्हणजे पात्रां दुसऱ्याचीं? दुसऱ्याचें उश्टें कित्याक खाता गो?"

भाचीनं गऱ्यांवरची नजर न काढता उत्तर दिलं, "पात्रां तांचीं, कथा म्हजी."

आमच्या घरात असंच चालतं. भांडण कोंकणीत, वर्तमानपत्र मराठीत आणि नव्या पिढीचं लिहिणं इंग्रजीत. त्याबद्दल पुढे बोलेन. आधी त्या उष्ट्याचं बघू, कारण तो शब्द बहिणीच्या तोंडून रागानं निघाला असला तरी आपल्या वाङ्मयात तो फार जुना आहे. व्यासोच्छिष्टं जगत्सर्वम्, सगळं जग व्यासांचं उष्टं, असं आपण व्यासांचा मोठेपणा सांगायला म्हणतो. पण त्या वचनाला दुसरी बाजूही आहे. उष्टं खाणाऱ्या जगाला त्यात कमीपणा वाटत नव्हता.

भाची जे लिहिते त्याला फॅन फिक्शन म्हणतात. आवडलेल्या पुस्तकातली, मालिकेतली, सिनेमातली पात्रं घ्यायची आणि त्यांची पुढची, मागची किंवा मूळ लेखकानं वाटेत सोडून दिलेली गोष्ट आपण लिहायची. मग ती आपल्यासारख्याच वेड्यांना फुकट वाचायला द्यायची. हे मोबाइलबरोबर आलेलं नाही. १९६७ साली अमेरिकेत 'स्टार ट्रेक' मालिकेच्या चाहत्यांनी 'स्पॉकनेलिया' नावाचं नियतकालिक स्वतःच छापून काढलं, तेव्हापासून हा प्रकार टपालानं फिरत होता, आणि लिहिणाऱ्यांत बायका जास्त होत्या. १९९८ साली फॅनफिक्शन डॉट नेट आलं. २००९ साली 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे संग्रहस्थळ उघडलं. ते चाहत्यांनीच उभं केलं, त्यावर जाहिरात नाही, खर्च देणग्यांवर चालतो आणि तिथे कथा विकायला मनाई आहे. आज तिथे एक कोटीहून जास्त रचना आहेत. २०१९ साली विज्ञानकथेच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कार या संग्रहालाच मिळाला. एवढ्या कथांतल्या बहुतेक रद्दी असणार, यात मला शंका नाही. मी भाचीच्या सांगण्यावरून पंधरा-वीस वाचल्या. तीन बऱ्या होत्या. एक इतकी चांगली होती की मूळ पुस्तक न वाचताही माझा घसा दाटून आला. दिवाळी अंकांचं प्रमाण याहून फार वेगळं पडेल असं मला वाटत नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. मी तीन वर्षं एक हेर होतो.

आमच्या गावच्या जत्रेला रात्री नाटक होतं. गोव्यातल्या वाचकाला हे सांगायला नको; तुळशीचं लग्न झालं की पुढचे चार-पाच महिने कुठल्या ना कुठल्या देवळापुढे पडदा वर जातच असतो. बँकेतला कारकून, बसचा कंडक्टर, काजूच्या बागेचा मालक, सगळे महिना-दीड महिना रात्री तालमी करतात आणि एका रात्रीपुरते औरंगजेब होतात. आमच्याकडे दरवर्षी एक अडचण यायची. नाटक ऐतिहासिक, पात्रं चौदा, आणि हौशी माणसं एकोणीस. त्यातले दोघे वर्गणीत हात सैल सोडणारे. मग दिग्दर्शक, म्हणजे आमचे शाळेतले निवृत्त ड्रॉइंग मास्तर, रात्री कंदिलापाशी बसून मूळ नाटकात नसलेली पाच पात्रं जन्माला घालायचे. माझा हेर त्यातलाच. पहिल्या वर्षी त्याला दोनच वाक्यं होती. दुसऱ्या वर्षी त्याला एक म्हातारी आई मिळाली. तिसऱ्या वर्षी तो गडावरून परत येताना पकडला गेला आणि मरण्याआधी साडेतीन मिनिटं बोलला. त्या मरणाला लोकांनी टाळ्या दिल्या. पुढे कुणीतरी मूळ पुस्तक वाचलं आणि मला विचारलं, "अरे, तुझा हेर ह्यात कुठेच नाही?" मी म्हटलं, "आमच्या गावच्या आवृत्तीत आहे."

फॅन फिक्शनचं यापेक्षा चोख उदाहरण भाचीच्या संग्रहात मला सापडलं नाही. एवढंच की आमचं करणं 'गावची परंपरा' आणि तिचं करणं 'मोबाइलचा नाद'.

दशावतारात तर हे आणखी उघड दिसतं. पेडण्यात किंवा पलीकडे सिंधुदुर्गात दशावतार पाहिलेल्यांना ठाऊक आहे की तिथे लिहून ठेवलेली संहिता नसते. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, मग संकासुराचा धुडगूस, आणि नंतर आख्यान. आख्यानाचा सांगाडा रंगपटात ठरतो, कोण राजा, कोण राक्षस, कोण स्त्रीपार्टी, आणि बाकीचं सगळं नट उभ्या उभ्या बोलतो. पेटी आणि पखवाज त्याच्या मागे धावतात. आख्यानातला राक्षस पुराणातला, त्याचं नाव पुराणातलं, पण त्याची बायको नवऱ्याला युद्धाला जाऊ नको म्हणून वीस मिनिटं विनवते ते कुठल्याच पुराणात नाही. अलीकडे तर कथानक सरळसरळ नवं रचतात. देव तेच, संकट नवं, आणि मध्ये ट्रिकसीन. मी एकदा पहाटे, दहीकाला आटोपल्यावर, अशाच एका राक्षसाच्या बायकोला चहाच्या गाड्यावर गाठलं. अंगात लुगड्याऐवजी शर्ट, पण कपाळावरचं कुंकू पुसायचं राहिलेलं. मी विचारलं, एवढं रडणं आणलंत कुठून? पुराणात तर ही बाई एका ओळीत संपते. तो म्हणाला, "ती रडाक नाय, असा पुराणात खय लिवलेला असा?"

या एका प्रश्नावर हा सगळा उद्योग उभा आहे. लिहिलेल्या गोष्टीत जिथे जिथे मोकळी जागा आहे, तिथे वाचकाला बसायचा हक्क आहे. सत्तरी तालुक्यातल्या रणमाल्यात, त्या लोकनाट्यात, रामायण गातात तेव्हा ते सत्तरीचं होतं. मांडावर धालो खेळणाऱ्या बायकांच्या गाण्यांत पुराणातली माणसं त्यांच्याच वाड्यावरची वाटतात. कालिदासानंही तेच केलं. महाभारतातला दुष्यंत भर सभेत शकुंतलेला ओळख देत नाही, आणि विसरला म्हणून नव्हे. सगळं ठाऊक असून तो नाकबूल होतो. कालिदासाला हा नायक पसंत पडला नसावा. त्यानं दुर्वासांचा शाप आणला, हरवलेली अंगठी आणली, माशाच्या पोटातून ती परत काढली, आणि राजाला सोडवलं. भाचीच्या मंडळींत अशा कथेला 'फिक्स-इट' म्हणतात, मूळ कथेत जे खुपलं ते नीट करून घेणारी. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी तेच शाकुंतल पदं घालून मराठी रंगभूमीवर उभं केलं. व्यासांचं उष्टं कालिदासानं खाल्लं, कालिदासाचं किर्लोस्करांनी, आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या मंडपात चटईवर बसून त्या संगीत नाटकांना माना डोलावल्या.

मोरोपंतांची १०८ रामायणं तर निव्वळ हौस. त्यातलं एक निरोष्ठ, म्हणजे ओठ न मिटता म्हणायचं. प, फ, ब, भ, म ही अक्षरं वर्ज्य. रामायण लिहायचं आणि 'राम' म्हणायचं नाही! हे करायला भक्तीइतकाच खट्याळपणा लागतो. भाची म्हणते, त्यांच्यात अशा पैजा अजून लागतात.

इथवर आलं की फॅन फिक्शनचे पाठीराखे थांबतात आणि म्हणतात, बघा, सगळेच उचलतात. मला तिथे थांबता येत नाही, कारण या परंपरेनं एक फार कडक नियमही घालून दिला आहे, आणि तो घालणारा माणूस स्वतः मोठा पुनर्कथाकार होता. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांनी मध्ये मध्ये आपल्या ओव्या सरकवल्या होत्या. प्रत शुद्ध केल्यावर नाथांनी शेवटी बजावून ठेवलं: ज्ञानेश्वरीत जो कुणी आपली मराठी ओवी घालील, त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नरोटी म्हणजे करवंटी, आमच्याकडची करटी. नारळाच्या मुलखात राहणाऱ्याला ही शिवी किती झोंबते ते वेगळं सांगायला नको. खोबरं खरवडून झाल्यावर करटी चुलीत जाते.

याच एकनाथांनी वाल्मीकींची कथा घेऊन भावार्थ रामायण लिहिलं. ते युद्धकांडात थांबलं, आणि पुढचं गावबा नावाच्या त्यांच्या शिष्यानं पुरं केलं असं परंपरा सांगते. म्हणजे नाथांना दुसऱ्याची कथा घेण्याचं वावडं नव्हतं. आपल्या मागे कुणी आपली कथा पुढे नेली याचंही त्यांच्या घराण्याला वाईट वाटलं नाही. त्यांना खटकलं ते एकच: दुसऱ्याच्या ताटात, दुसऱ्याच्या नावाखाली, गुपचूप आपलं काही ठेवून देणं. स्वतःचं ताट मांडा, त्यात हवं त्याचं उष्टं वाढून घ्या, पण ताटावर आपलं नाव आणि अन्न कुणाच्या घरचं तेही लिहा. जवळजवळ साडेचारशे वर्षांपूर्वीचा हा नियम मला आजच्या कुठल्याही वेबसाइटच्या अटींपेक्षा स्वच्छ वाटतो.

या नियमावर भाची आणि आमचं नाटक मंडळ दोघांना घासून पाहिलं, आणि निकाल मला गैरसोयीचा लागला. भाचीच्या प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर लिहिलेलं असतं की पात्रं अमुक लेखिकेची आहेत, माझी नाहीत, यातून मला पैसे मिळत नाहीत. छापखान्याची कल्पना तिला दुसऱ्या एका मुलीच्या कथेवरून सुचली, तर त्या मुलीचेही आभार आहेत. आणि आम्ही? आम्ही जत्रेच्या फलकावर दिग्दर्शकाचं नाव लिहिलं, नेपथ्यकाराचं लिहिलं, खुर्च्या देणाऱ्याचं लिहिलं. नाटककाराचं नाव तीनातल्या दोन वर्षी नव्हतंच. त्याची परवानगी घेतली नव्हती, मानधन पाठवण्याचा विषय कुणी काढला नव्हता, आणि त्याच्या नाटकात आम्ही पाच माणसं घुसवली होती. त्या हेराच्या मरणावर टाळ्या वाजवणाऱ्या म्हाताऱ्या घरी जाताना तो प्रवेश मूळ लेखकाचाच समजत असणार. नरोटी आम्ही ठेवली. बाहेरगावची मंडळं याबाबत अलीकडे सुधारली असतील; मी आमच्यापुरतं सांगतो.

कायदा काय म्हणतो तेही पाहून घ्यावं, कारण घरात वकील असला की पहिला प्रश्न तोच येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फॅन फिक्शनला असं वेगळं नाव नाही. कृतीचं रूपांतर करण्याचा हक्क लेखकाचा. तो त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. कलम ५७ प्रमाणे आपल्या कृतीची मोडतोड होऊन अब्रूला बाध येत असेल तर लेखक ती थांबवू शकतो. दुसऱ्या बाजूला कलम ५२ मध्ये टीका आणि समीक्षेसाठी रास्त वापराला जागा आहे. ती जागा किती मोठी असू शकते याचं एक देशी उदाहरण केरळचं आहे. तोप्पिल भासींचं 'तुम्ही मला कम्युनिस्ट केलंत' हे गाजलेलं मल्याळम नाटक. सिविक चंद्रन यांनी त्यातलीच पात्रं आणि संवाद घेऊन 'तुम्ही कुणाला कम्युनिस्ट केलंत' असं उत्तर-नाटक लिहिलं. भासींच्या वारसांनी अडवलं. १९९६ साली केरळ उच्च न्यायालयानं पाहिलं की मुळातलं किती घेतलं, कशासाठी घेतलं, आणि यामुळे मूळ नाटकाचं गिऱ्हाईक तुटतं का; आणि प्रति-नाटकाच्या बाजूनं कौल दिला. प्रत्येक फॅन फिक्शन ही टीका नसते, तेव्हा या निकालाची ढाल सगळ्यांना पुरणार नाही. पण न्यायालयानं जे तीन प्रश्न विचारले ते लिहिणाऱ्यानं स्वतःला विचारायला हरकत नाही.

आणि लेखक हयात असून 'नको' म्हणत असेल, तर नकोच. अ‍ॅन राइस या अमेरिकी लेखिकेनं आपल्या पात्रांवर कुणी लिहू नये असं जाहीर केलं, तेव्हा फॅनफिक्शन डॉट नेटनं तिच्या कृतींवरचं लेखन घेणं बंद केलं. योग्यच झालं. याउलट कॉनन डॉइलचा किस्सा सगळे आनंदानं सांगतात: शेरलॉक होम्सवर नाटक करणाऱ्या विल्यम जिलेटनं तारेनं विचारलं, होम्सचं लग्न लावू का? डॉइलनं कळवलं, लग्न लावा, खून करा, हवं ते करा. सगळ्याच लेखकांचं काळीज एवढं मोठं नसतं, आणि असावं असा आग्रह आपण धरू शकत नाही.

जिवंत माणसांवरच्या कथांबद्दल मात्र माझं मन साफ वळत नाही. नट, गायक, क्रिकेटपटू यांना पात्र करून प्रेमकथा लिहिणाऱ्या पोरी-पोरांची संख्या मोठी आहे. पात्राला लाज नसते, माणसाला असते. भाचीचं आणि माझं इथे पटलं नाही आणि पटेल असं दिसत नाही.

आईबापांना खरी भीती वेगळीच असते, ती बोलून दाखवत नाहीत एवढंच. या कथांत शृंगार असतो, कधी कधी नुसता तोच असतो. कथेच्या वर ती कुणासाठी आहे याची खूण असते, आत काय आहे याच्या पाट्या असतात, पण 'पुढे जा' म्हणायला कुणीही अंगठा दाबू शकतं. तेव्हा मूल काय वाचतं हे विचारावं. तेही बाकीच्या मोबाइलबद्दल जितपत विचारतो तितपत. भाचीनं मला स्वतःच्या कथेवरची 'सर्वांसाठी' ही खूण दाखवली. शेजारच्या कथेवर कुठली होती ते मी पाहिलं नाही असं केलं.

पाठीराख्यांचा एक युक्तिवाद मला सगळ्यात जास्त खटकतो. 'यातूनच उद्याचे खरे लेखक घडतात.' मग ते नावं घेतात: अमुक जगप्रसिद्ध कादंबरी आधी फॅन फिक्शन होती, तमुक लेखिकेला एवढे कोटी मिळाले. हा बचाव पोराच्या क्रिकेटचा बचाव 'उद्या रणजी खेळेल' असा करण्यासारखा आहे. खेळला नाही तर त्याचं मैदानावर जाणं फुकट गेलं का? मराठीत आपल्याकडे 'हौशी' हा सुंदर शब्द आहे, आणि रंगभूमीवर आपण तो मानानं वापरतो. हौशी नाट्यस्पर्धा, हौशी मंडळ, हौशी कलाकार. आमचा कंडक्टर औरंगजेब झाला तेव्हा कुणी त्याला विचारलं नाही की तू मुंबईला कधी जाणार. त्याचं ते एका रात्रीचं औरंगजेब असणं पूर्ण होतं. लेखनाला मात्र आपण हौशी राहू देत नाही. लिहिणाऱ्याकडे आपण उमेदवार म्हणूनच बघतो: पुस्तक कधी, पुरस्कार कुठला, प्रस्तावना कुणाची. भाचीला यांपैकी काही नको आहे. तिला तेविसाव्या प्रकरणाखाली मनिलातली कुणी एक मुलगी रात्री दोन वाजता 'छापखान्याचं दार उघडू नको ना' असं लिहिते ते हवं आहे. जत्रेत पुढच्या चटईवरून म्हातारी 'अरे, मागे बघ, मागे!' असं हेराला ओरडून सांगते, त्याच जातीचं हे आहे. ती म्हातारी मला तीन वर्षांत एकदाच मिळाली. भाचीला आठवड्याला पाच मिळतात. हेवा वाटतो.

आणि तरी, शाळा-कॉलेजांना हे दिसत नाही. अकरावीत असताना तिनं आपल्या उच्च माध्यमिक विद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी अशीच एक कथा दिली होती, पात्रं कुठली ते वर प्रामाणिकपणे लिहून. 'स्वतंत्र नाही' असा शेरा मारून ती परत आली. अंक छापून आल्यावर मी चाळला. त्यात कर्णाचं मनोगत होतं. ऊर्मिलेची व्यथा होती, ती तर दोनदा. सिंहगड बोलत होता. शेरा मारणाऱ्या बाईंना यात विसंगती जाणवली नसेल, आणि दोष त्यांचा एकटीचा नाही. आपण ठरवूनच टाकलं आहे की जुन्याचं उष्टं प्रसाद आणि नव्याचं उष्टं ते उष्टं.

आता भाषेचं. भाचीला मी विचारलं, मराठीत का लिहीत नाहीस? कोंकणीत का नाही? ती म्हणाली, वाचणार कोण? एवढंच. मराठीत कथा लिहून टाकायला जागा आहेत. २०१४ साली सुरू झालेल्या प्रतिलिपीवर ढीगभर मराठी कथा रोज पडतात. पण एखाद्या मराठी पात्राभोवती शंभर पोरं जमली आहेत आणि त्याच्या न लिहिलेल्या आयुष्यावर भांडताहेत, असं दृश्य माझ्या पाहण्यात नाही. आपली पात्रं पाठ्यपुस्तकात जातात, तिथे त्यांचं 'स्वभावचित्र पाच गुणांसाठी' होतं, आणि मग त्यांच्याशी कुणी खेळत नाही.

गोव्यात तर हे फारच विचित्र आहे. पणजीला पाटोवर राज्याचं मध्यवर्ती ग्रंथालय उभं आहे, त्याला नाव कृष्णदास शामा यांचं. केळशीच्या या माणसानं १५२६ साली भागवतातली कृष्णकथा घेऊन आपल्या मराठी ओव्यांत ती नव्यानं सांगितली. त्याच शतकात कुणीतरी इथे रामायण-महाभारताच्या गोष्टी रोमन लिपीत उतरवून घेतल्या. ती हस्तलिखितं आज पोर्तुगालमध्ये ब्रागाच्या ग्रंथालयात आहेत. १६१६ साली राशोलला फादर स्टीफन्सनं ख्रिस्ताची कथा ओवीत बांधून छापली, अकरा हजारांच्या आसपास ओव्या. कथा एका घरची, ताट दुसऱ्या घरचं. ज्या राज्याच्या सगळ्यात मोठ्या ग्रंथालयाला एका पुनर्कथाकाराचं नाव आहे, तिथल्या पोरीला कुणी 'स्वतंत्र नाही' म्हणून हाकलावं, हे मला पचत नाही.

पण कृपा करून यावर स्पर्धा काढू नका. आपल्याकडे काही चांगलं दिसलं की लगेच उद्घाटन, परीक्षक, तीन क्रमांक आणि दोन उत्तेजनार्थ. त्या दिवशी हौस मेली असं समजा. फार तर एखाद्या ग्रंथालयानं संध्याकाळी एक खोली उघडी ठेवावी, तिथे पोरांनी वाचून दाखवावं, कोंकणी-मराठीची सरमिसळ कुणी मोजू नये. मराठी शिक्षकांनी ज्यांचा कॉपीराइट संपला आहे अशा लेखकांची यादी फळ्यावर लिहावी. देवल १९१६ साली गेले, गडकरी आणि हरिभाऊ आपटे १९१९ साली, खाडिलकर १९४८ साली. या सगळ्यांची पात्रं आज कायद्यानं मोकळी आहेत, कुणाची परवानगी लागत नाही.

उदाहरण म्हणून मी भाचीला 'एकच प्याला' सांगितलं. या नाटकाची पदं गडकऱ्यांची नाहीत, ती वि. सी. गुर्जरांनी लिहिली, हे ऐकून ती खूश झाली, "मामा, म्हणजे हेंय दोगांनी मेळून!" सुधाकर आणि सिंधूत तिला रस वाटला नाही. "तळीरामाची बायल कोण?" तिनं विचारलं. मी म्हटलं, गीता. तोंडाची फटकळ. मग दोन दिवस तिनं माझ्याकडून पुस्तक घेऊन गीतेचे प्रवेश तेवढे वाचले.

जूनच्या पहिल्या पावसात तिनं मला सहा पानं पाठवली. मराठीत, पण रोमन अक्षरांत टाइप केलेली. ब्रागाच्या त्या लेखकाची आठवण झाली. गीता मडगावच्या बसस्टँडवर उभी आहे, हातात ट्रंक, आणि तळीरामाला सोडून ती कुठे जाणार हे तिलाच ठरवता येत नाही. वर लिहिलं आहे: पात्र गडकऱ्यांचं, बसस्टँड माझा. मला बदलावंसं खूप काही वाटलं. गीतेच्या काळी गोव्याची सरकारी कदंब बस नव्हती, हे तर पहिल्याच ओळीला. मी लाल पेन काढलं तशी तिनं फोनवरच दम दिला. त्यांच्यात कथा पोस्ट करण्याआधी वाचून देणाऱ्याला 'बीटा' म्हणतात, आणि तिच्या बीटानं गोष्टीला हात लावायचा नसतो. ती पानं देवनागरीत उतरवून मी सध्या फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासतो आहे.